सरळ रस्त्यांच्या देशातली अर्धी प्रदक्षिणा

बॉथेल, वॉशिंग्टन
श्रावणातला शुक्रवार (इथे नुसताच शुक्रवार)

तीर्थस्वरूप भाऊजी यांस,

उल्हासचा शिरसाष्टांग नमस्कार. (त्यातलं शिर आणि दोन हात पोचले असं समजावं. गुडघे हल्ली डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाकत नाहीत.) ताईची साखर काय म्हणते? जेवणानंतर चालायला जायचं तिने कबूल केलं होतं, ते चालणं कॉलनीच्या फाटकापर्यंत तरी पोचलं का? तुमचा मोतीबिंदू काढून झालाच आहे, तेव्हा हे पत्र तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचाल, ताईकडून वाचून घेणार नाही, असं धरून चाललो आहे. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माणसं क्षेम आहेत. गाडीला मागची काच नाही.

तुम्ही म्हणाल, फुकट फोन असताना हा कागद कशाला? तर भाऊजी, घरच्या ग्रुपवर शैलजा आहे, आणि तुमच्याकडे फोन उचलला की तो आधी स्पीकरवर जातो, मग ताई येते, मग कुकरच्या शिट्ट्या, मग शेजारच्या काकू 'अमेरिका का?' म्हणून बसून घेतात. मला जे सांगायचंय ते शिट्ट्यांच्या मध्ये सांगण्यासारखं नाही. आमच्या मंडळातली राधिका सांगलीचीच, ती परवा निघते आहे. तिच्या बॅगेत बदामांच्या खाली हे पाकीट येईल.

मुळापासून सांगतो. तुमची भाची केया बॉयसीला घोड्यांची डॉक्टर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ('माणसांची का नाही झाली?' हे ताईचं विचारून झालेलं आहे, पुन्हा विचारू नये.) सप्टेंबरअखेरीला ती बाळंत होईल. आमचं पहिलं नातवंड. शैलजाने जूनपासूनच डिंक, खारीक, अळीव जमवायला सुरुवात केली, आणि मी केयाला फोन करून आम्ही दोन-तीन महिने येतो असं सांगितलं. तिचं आणि जावयाचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे मैलभर कुरण. स्वयंपाकघरातून हात लांब केला की पलंगाला लागतो. ती म्हणाली, "बाबा, स्टे ॲज लाँग ॲज यू वाँट. जस्ट नॉट इनसाइड." दुसऱ्या कुणाला राग आला असता. मला त्यात निमंत्रण दिसलं. बाहेर राहा म्हणते ना, मग आपलं घर आपणच मागे ओढत न्यायचं आणि तिच्या कुरणात लावायचं. रात्री आपल्या घरात झोपायचं, सकाळी तिच्या दारात शिरा घेऊन उभं राहायचं. निवृत्त झाल्यापासून इतका चांगला विचार मला सुचला नव्हता.

अशा ओढायच्या घराला इकडे फिफ्थ व्हील म्हणतात. (त्यातलं पाचवं चाक कुठलं, ते मी दुकानात विचारलं. सांगणाऱ्याने अर्धा तास घेतला आणि शेवटी चाक दाखवलं नाहीच.) तुमच्या उसाच्या ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरच्या पाठीमागे हुकात अडकतो. इथे तसं नाही. इथे ट्रेलरचं तोंड थेट पिकअपच्या पाठीवर चढतं. पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर, एक लोखंडी पकड बसवतात, तिला हिच म्हणतात, आणि ट्रेलरच्या हनुवटीखालची जाड खुंटी त्या हिचमध्ये बसते. हौदा लांब असला तर पुढे बोलायचं कारण नाही. आमचा आखूड आहे. कारण लांब हौद्याचा पिकअप गॅरेजमध्ये मावत नाही, आणि गॅरेजबाहेर पिकअप उभा केला तर आमच्या सोसायटीचे लोक दारावर चिठ्ठी लावून जातात. (आखूड हौद्याचाही तसा मावत नाही. आत घातला की दार उघडत नाही, म्हणून मी खिडकीतून उतरतो.) आता आखूड हौद्यात गोम अशी, की गाडी फार वळवली तर ट्रेलरचा पुढचा कोपरा फिरत येऊन आपल्याच केबिनच्या मागच्या काचेला भिडतो. त्यावर उपाय म्हणून सरकणारे हिच निघाले आहेत. एकात मोठं वळण आलं की खाली उतरून दांडा ओढायचा, म्हणजे हिच मागे सरकतो. दुसऱ्यात तो वळणाबरोबर आपला आपणच सरकतो. आणि तिसरा म्हणजे साधा, पक्का, जागचा न हलणारा.

या तिघांतला एक निवडायला मला पूर्ण उन्हाळा लागला. मी एक्सेल केलं. (केलं नसतं तर आमच्या मंडळात मला कुणी विचारलं नसतं.) ते ग्रुपवर टाकलं मात्र, आणि सगळ्यांना मतं फुटली. सिद्धेश विजेच्या गाडीत हिंडतो आणि त्याने आयुष्यात सायकलसुद्धा ओढलेली नाही, पण त्याने रकान्यांना वेगवेगळं वजन द्यायला सांगितलं. देवांगने हिचवरून सुरुवात करून लोकांना घरकर्जाच्या व्याजावर आणलं. एकाने जन्मतारीख मागितली. शैलजाने मात्र एक्सेल उघडलंच नाही. तिने टेबलावर बुटांचं खोकं ठेवलं, त्याच्या पाठीला पोळ्यांचा चौकोनी डबा लावला आणि खोकं वळवलं. डब्याचा कोपरा खोक्यावर आपटला. "हे असं होणार," म्हणाली आणि खोकं उचलून ठेवलं. मी तिला समजावलं की ही अमेरिका आहे, इथले रस्ते पट्टीने आखलेले असतात, तीस वर्षांत मी या देशात काटकोनाच्या पलीकडे वळल्याचं मला आठवत नाही. शिवाय सरकणारी वस्तू पक्की कशी असेल? दुकानातल्या वेड नावाच्या गृहस्थानेही मला विचारलं, की बाबा रे, फार टाइट टर्न मारणार आहेस का? मी छाती पुढे काढून "नेव्हर" म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शैलजाकडे पाहिलं, आणि पक्का हिच बसवून दिला.

एवढी मोठी वस्तू घेतली तर पूजा नको का? गेल्या शनिवारी देवळात गेलो. जाताना एकही वळण मी चुकवलं नाही, आणि सगळी गुण्यागोविंदाने पार पडली, हे इथे मुद्दाम नोंदवतो. गुरुजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फुटला. लिंबं चार आणली होती. ती चाकांखाली ठेवताना प्रश्न आला की ट्रेलरच्या चाकांचं काय? ट्रेलर हे वाहन की वास्तू? वाहन असेल तर आणखी चार लिंबं लागतील आणि वास्तू असेल तर वास्तुशांत. सिद्धेश लिंबं आणायला धावला, आणि घाऊक दुकानात सुटी मिळत नसल्याने पोतंभर घेऊन आला. आमच्याकडे अजून रोज सरबत आहे. तर लिंबं चिरडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी आता घराकडे वळणार, तोच शैलजा म्हणाली, देवाला एक प्रदक्षिणा घालून घ्या.

भाऊजी, देऊळ चौकोनी आहे. पूर्वी ते फरश्यांचं गोदाम होतं. त्याच्याभोवतीचा रस्ता अरुंद, प्रदक्षिणा उजवीकडून, म्हणजे चार कोपरे आणि चारही उजवीकडे. मी पहिला कोपरा पार केला. लोक मागून 'गणपतीबाप्पा' म्हणत चालत होते, मलाही जरा चढल्यासारखं झालं, आणि दुसऱ्या कोपऱ्यावर मी चाक पार शेवटपर्यंत फिरवलं. आधी कुरकुर ऐकू आली. मग मागे कुणीतरी खडीसाखरेचं पोतं ओतावं तसा आवाज झाला, आणि मागची काच आत आली. शैलजा बाहेर उभी होती ही देवाचीच कृपा. मागच्या सीटवर मात्र डिंकाच्या लाडवांचा डबा होता, उघडा, नैवेद्य दाखवायला आणलेला. केयासाठी केलेल्या प्रत्येक लाडवात काच बसली.

काच गेली ती गेली, पण आता पुढे जाणं शक्य नव्हतं. ट्रेलरचा कोपरा केबिनमध्ये घुसलेला. मी रिव्हर्स टाकला, तोच मागून दहा जणांनी हात वर केले. थांबा, प्रदक्षिणा उलटी घालत नाहीत! पुढे जावं तर छत फाटतं, मागे जावं तर पाप लागतं. आमच्या मागे एका बारशाच्या गाड्या अडकल्या, त्यातले लोक उतरून चर्चेत सामील झाले. देवांग फोनवर शोधत होता, सिद्धेश म्हणाला ट्रेलर सोडवून नुसती गाडी पूर्ण फिरवा, मग ट्रेलरला हातगाडीसारखं ढकलू. मी काच पडलेल्या सीटवर बसून होतो. कधी नव्हे ते माझ्याकडे काहीही मत नव्हतं. शेवटी सुलेखामावशी (वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी) गाडीभोवती फिरून आल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "आत शंकर आहे ना? त्याची प्रदक्षिणा पन्हाळीपर्यंतच. पन्हाळ ओलांडायची नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं." सगळ्यांनी वर पाहिलं. बरोबर त्या कोपऱ्यावर छताच्या पावसाच्या पाण्याचा पाइप खाली उतरत होता. गुरुजींनी डोळे मिटले, उघडले, आणि ही प्रदक्षिणा शंकराची धरली. मी शास्त्रोक्त मागे आलो. पुन्हा टाळ्या वाजल्या. मावशींना मी वाकून नमस्कार केला, तो गुडघ्यांसकट.

घरी येईपर्यंत शैलजा बरंच काही बोलली. मागून वारा येत होता, त्यामुळे त्यातलं काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी केयाचा फोन आला. काचेचं ऐकून तिने पहिलं विचारलं, "बट हू टोल्ड यू टु डू दॅट?" तिने महिनाभर आधीच बजावलं होतं की ट्रकबरोबर कसलेही विधी करू नका. शैलजा फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. काय सांगितलं, देव जाणे. बाहेर आली ती मला म्हणाली, या हिचच्या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही, मी विमानाने एकटी जाते, तुम्ही तुमच्या पक्क्या हिचबरोबर राहा. लाडू पुन्हा करायला घेतलेत, आणि एक चाखायलासुद्धा दिला नाही. भाऊजी, हसू नका. माणूस तीस वर्षं कामात होता म्हणून स्वतःची पोरगी लहान असताना नीट बघितली नाही. आता नातवंड तरी पहिल्या दिवसापासून मांडीवर घ्यावं एवढीच इच्छा आहे. आणि मी इथे एका रिकाम्या ट्रेलरमध्ये लिंबाचं सरबत पीत बसणार की काय, या काळजीने झोप लागत नाही.

असो. ताईला नमस्कार. तब्येतीला जपा, डोळ्यांत औषध घाला.

आपला आज्ञाधारक (घरात याबद्दल दुमत आहे),
उल्हास

ता. क. राधिकाबरोबर बदाम, ताईची मल्टिव्हिटॅमिनं आणि गुडघ्याचा पट्टा पाठवला आहे. पट्टा तुमच्या मापाचा नसल्यास परत पाठवू नये.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिलीच. पक्का हिच का घेतला, असं शैलजाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. भाऊजींनी आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या ओढल्यात, मी त्यांना मुद्दाम फोन केला होता, ते म्हणाले, 'ट्रॉलीला कधी सरकणारा हुक बघितलायस का?', असं मी सांगितलं. तुमचा शब्द ती मोडत नाही. तेव्हा पुढच्या रविवारी तिचा फोन येईल, त्यात एवढं म्हणावं की होय, मीच सांगितलं, चूक माझी. तुमचं काही जात नाही, आणि मला बॉयसीला जायला मिळेल.

ता. क. ३. ओढ्यात गेलेली ती ट्रॉली तुमची नव्हती, असंही मी सांगून ठेवलं आहे.

---

भाऊजी, शैलजाचा नमस्कार. राधिकाची बॅग मीच भरते आहे. पाकिटावर 'फक्त भाऊजींसाठी, इतरांनी उघडू नये' असं एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं की उघडावंच लागलं.

तुम्ही असं काही सांगितलं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं. ज्या दिवशी यांनी तुम्हाला फोन केला म्हणतात, त्या दिवशी तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात होतात आणि वन्सं माझ्याशी बोलत होत्या. तरी रविवारी यांच्या मनासारखं म्हणा. मी विश्वास बसल्यासारखं करीन. फक्त त्याला जोडून एवढं म्हणा की आखूड हौद्याला आपोआप सरकणारा हिचच लागतो, आता तोच घे. तुम्ही म्हणालात की स्वतःला सुचल्यासारखे ताबडतोब निघतील. वेडने तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे, पक्का हिच बसवला त्याच दिवसापासून. विमानाचं तिकीट मी काढलेलंच नाही. बॉयसीला एकटी जाऊन जावयाशी दिवसभर बोलू काय? तेवढी यांची सवय झाली आहे.

आणि वन्संना जरा जवळ बोलावून सांगून ठेवा: केयाचा फोन आला, तर गाडीने देवाला प्रदक्षिणा घालायला त्यांनीच सांगितलं होतं.