पुसलेले ठिपके

मंगळवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ६.४०.
संहितेची सुटी पानं दोऱ्याने शिवतो आहे. जहाज हलतं, सुई दोनदा अंगठ्यात घुसली.
नाटकवेड्या प्रवाशांसाठी काढलेली ही दहा दिवसांची समुद्रसफर. सकाळी व्याख्यानं, दुपारी प्रवाशांनी हौसेने प्रवेश वाचायचे, बुधवार ते शुक्रवार संध्याकाळी आमचा प्रयोग. मी प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत स्टूल आणि छोटी बॅटरी. कुणी अडकलं की ओळ द्यायची, पानावर पेन्सिलीने ठिपका करायचा. रंगमंचावरचं सामान स्क्रूने पक्कं केलंय. खुर्ची रागाने ढकलायचा प्रवेश आहे — आणि खुर्ची हलत नाही!
दुपारी सगळ्यांना लाइफजॅकेट घालून डेकवर उभं केलं. मी पट्टे तीनदा तपासले. माझ्या केबिनमधला लाइटवाला म्हणाला, "बुडायच्या आधी इस्त्री करून घे त्याला."

बुधवार, ४ नोव्हेंबर.
पहिला प्रयोग. मास्तरांना, आमच्या मुख्य नटाला, नऊ ओळी द्याव्या लागल्या. नऊ! मागच्या अख्ख्या दौऱ्यात तीन होत्या.
कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या रांगेत दोन म्हाताऱ्या बहिणी असतात, वही घेऊन. त्यातली थोरली म्हणाली, "काय ते थांबणं! काटा आला अंगावर." ते थांबणं म्हणजे मी पान उलटत होतो.
माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शुद्धलेखन मास्तरांनी शिकवलं — मेकअपच्या आरशावर पावडरीत बोटाने शब्द लिहून.

गुरुवार, ५ नोव्हेंबर.
अकरा.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर.
चौदा. प्रयोगानंतर दिग्दर्शिका बाईंनी बोलावलं.
"बुधवारी मास्तरांचं एकपात्री आहे, मधल्या हॉलमध्ये. चारी बाजूंनी प्रेक्षक. विंग नाही, म्हणजे तू नाहीस. तिन्ही प्रयोगांत त्यांना किती ओळी दिल्यास ते लिहून दे. उद्या दहापर्यंत."
मी विचारलं, जास्त निघाल्या तर?
"तर पुस्तक हातात घेऊन वाचतील. त्यात काय एवढं?"
त्यात काय एवढं! जेवताना मास्तर सांगत होते, "चाळीस वर्षं मोकळ्या हातांनी उभा राहिलोय रे मी."

शनिवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ९.१०.
दिलं लिहून. दोन, दोन, एक.
आधी खोडरबराने पानांवरचे ठिपके पुसले. चुरा तळहातावर गोळा करून खिशात टाकला. बाईंनी कागद पाहिला, म्हणाल्या, "तुझं अक्षर बघितलं की शंकाच येत नाही."
कान तापले. अजून तापलेत.

रविवार, ८ नोव्हेंबर.
मास्तर डेकवर पाठांतर करत फेऱ्या मारत होते. मला पाहून हात केला. मी न पाहिल्यासारखं करून जिना उतरलो.

मंगळवार, १० नोव्हेंबर.
समुद्र शांत. जेवण गेलं नाही. अजूनही बाईंना सांगता येईल — दुपारी त्यांच्या दारापर्यंत गेलो. आतून मास्तरांचं हसू ऐकू आलं. परत आलो.

बुधवार, ११ नोव्हेंबर.
विसाव्या मिनिटाला मास्तर थांबले.
लोकांना आवडलं ते. थोरली बहीण धाकटीच्या कानात म्हणाली, "आता बघ हं." मास्तर थांबलेलेच. कुणीतरी खोकलं. मग त्यांनी डावीकडे मान वळवली — माझं स्टूल जिथे असतं तिकडे. तिथे कॅमेरा घेतलेला एक प्रवासी बसला होता. त्याच्याकडे बघत मास्तर ओळीची वाट पाहत राहिले.
मी शेवटच्या रांगेत. ओळ तोंडात होती, अख्खी! पण मोठ्याने दिली असती तर सगळ्यांना कळलं असतं. मास्तरांचं, आणि माझंही. खरं लिहायचं तर आधी माझंच मनात आलं. तोंड उघडलं नाही.
मास्तरांनी हात जोडले. "माफ करा," म्हणाले. लाइटवाल्याने कुणी न सांगता अंधार केला.
केबिनमध्ये तो माझ्याकडे पाठ करून झोपला. एवढंच म्हणाला, "दोन, दोन, एक म्हणे."

गुरुवार, १२ नोव्हेंबर. सकाळी ७.०५.
मास्तरांना चहा नेऊन दिला. बॅग भरून, बूट घालून बसले होते. म्हणाले, "ती यादी मीच मागवली होती रे. किती वेळा अडकतो ते माझं मला कळत नाही. बाईंना म्हटलं, पोराला विचारा, तो खोटं लिहायचा नाही. पाचाच्या वर असत्या तर मी आपणहून पुस्तक घेणार होतो." मग कप दोन्ही हातांनी धरून मला विचारलं, "चार दिवसांत एवढं कसं रे गेलं माझं? डॉक्टरला दाखवू का?"
मी कप घेऊन बाहेर आलो.
आत्ता संहितेची पानं खिडकीशी तिरकी धरली. ठिपके पुसले तरी पेन्सिलीचे खळगे राहिलेत. पुन्हा मोजले. डायरीचं हे पान फाडून त्यांच्या केबिनवर नेतो.
दिलेल्या ओळी : ९ + ११ + १४ = ३४
यादीत लिहिलेल्या : ५
मास्तरांचं देणं : २९, आणि कालची एक.