पंचेचाळीसची तबकडी

५ जानेवारी
बँडला अखेर दिशा मिळाली. मी दिली.
जुन्या बाजारातून आणलेल्या खोक्याच्या तळाशी गाण्याची एक छोटी तबकडी सापडली. रिदम अँड ब्लूज, जुनं अमेरिकन गाणं. गायकाचं नाव खरवडून गेलंय, गाण्याचं अर्धं उरलंय. दोन दिवस इंटरनेट पालथं घातलं, कुठेही नाही. म्हणजे हे गाणं जगात फक्त माझ्याकडे. लेबलवर ठळक ४५ छापलंय, म्हणजे साल १९४५. मधलं भोक माझ्या इतर तबकड्यांपेक्षा मोठं. त्या काळी तसंच असणार. खोकल्याच्या औषधाचं झाकण भोकात बसवलं आणि प्लेअरवर लावली.
काय आवाज! विहिरीच्या तळातून आल्यासारखा. साठीचा पुरुष. दारू, पश्चात्ताप, बहुधा तुरुंगही. हा माणूस मला कळतो.
ठराव: कुणाला ठाऊक नसलेली अशी जुनी गाणी शोधायची आणि गॅरेज रॉकमध्ये, म्हणजे खडबडीत गिटार आणि ड्रम्सवर, नव्याने मांडायची. सुरुवात याच गाण्याने. २० एप्रिलला वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम आहे. हॉल हादरला पाहिजे.

८ जानेवारी
आमच्या गॅरेजमध्ये पहिली तालीम. बास गिटारवर मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एरवी लिफ्ट दुरुस्त करतो. ड्रम्सवर दंतवैद्य. गिटार, गायन आणि नेतृत्व माझ्याकडे.
तबकडी ऐकवली. दंतवैद्य म्हणाले, फारच संथ आहे हो, दोन ठोक्यांमध्ये माझा एक पेशंट तपासून होईल. मी म्हटलं, संथ नाही, जड आहे. फरक असतो. दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल घालणाऱ्याला तो काय कळणार! हे मनात म्हटलं. उद्या तोंडावर म्हणणार.

९ जानेवारी
म्हटलं नाही. दाढ ठणकायला लागलीय. त्यांच्याशी आत्ताच वाकडं घेणं बरं नव्हे.

२२ जानेवारी
बायको शिडी न्यायला गॅरेजमध्ये आली. तबकडी चालू होती. दारातच थांबून म्हणाली, ही बाई आहे. गळा धरून ठेवल्यासारखा आवाज येतोय बिचारीचा.
मी हसलो. म्हटलं, वीस वर्षं संसार करून पुरुषाचा आवाज ओळखता येत नाही? ती म्हणाली, वीस वर्षं एकच तर ऐकतेय. आणि शिडी घेऊन गेली.
इतका संताप आला की जेवलो नाही. नंतर जेवलो, पण एक शब्द न बोलता.
लग्नाआधी ती गायची म्हणे. पुढे सुटलं. का, ते आठवत नाही. लोक कष्ट घेत नाहीत, दुसरं काय.

११ फेब्रुवारी
विमा कंपनीत काम करणाऱ्या कलावंताचे हाल कुत्रा खात नाही. आज जिन्यात उभा राहून खालच्या पट्टीतली गुरगुर पक्की करत होतो. क्लेम्स विभागातल्या माणसाला वाटलं, माझ्या घशात काहीतरी अडकलं. त्याने पाठीत असा रट्टा घातला की चष्मा एक मजला खाली गेला. साहेबांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ठीक असायला काय झालं! मूर्ख लेकाचे.

२ मार्च
घसा बसलाय. आवाज खोल करायला पंधरा दिवस तिखट पाण्याच्या गुळण्या केल्या, त्याचा परिणाम. खोल गेला तो गेलाच, वर येईना.
मूळ शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणून मी ते अंतःप्रेरणेने लावलेत. गाणं बुडून मेलेल्या भावाबद्दल आहे. मेहुण्याने विचारलं, कशावरून? म्हटलं, वेदनेवरून.

१६ मार्च
काळा दिवस.
प्लेअरची वायर निसटली म्हणून मेहुणा खाली वाकला. यंत्रावर जे काही छापलेलं असेल ते सगळं वाचायची त्याला खोड. म्हणाला, दाजी, इथे एक बटण आहे. ३३ आणि ४५. तबकडीवरचं ४५ म्हणजे साल नव्हे, वेग आहे हो, मिनिटाला पंचेचाळीस फेरे. आपण ती ३३वर फिरवतोय. मी नको म्हणेपर्यंत त्याने बटण दाबलंही.
बाई निघाली. बाई कसली, विशीतली पोरगी. हसत, पायऱ्या चढत आल्यासारखी गात होती. शब्द लख्ख. कुणाचा भाऊ नाही, कुणी बुडालं नाही. अडीच महिने मी ज्या गाण्यावर सुतक पाळलं, त्यात ती कुणाला तरी सांगत होती, तुझी खुर्ची बाजूला घे, मला नाचायचंय.
दंतवैद्य ड्रमवर आडवे पडून हसले. मी शांतपणे सांगितलं, मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यालाच नव्याने मांडणं म्हणतात. मेहुण्याने विचारलं, मग भोकातलं औषधाचं झाकणही मुद्दाम का?
गिटार जमिनीवर आपटणार होतो. महाग आहे. हळूच ठेवली आणि दार आपटलं.

१७ मार्च
ठराव: माझी चाल बदलणार नाही. जग वेगाच्या मागे लागलंय, मी लागणार नाही. रागावणंही बंद.

२३ मार्च
ऑफिसातून लवकर घरी. गॅरेजचं शटर खाली आणि आतून गाणं. वेग बरोबर. मला न विचारता तबकडी वाजवतायत! बॅग हातात घेऊन ऐकत राहिलो. दुसऱ्या कडव्यात ती पोरगी थांबली, खोकली, म्हणाली, पुन्हा घेऊ. आणि पुन्हा सुरू झाली.
तबकड्या खोकत नाहीत.
शटर वर केलं. माइकसमोर बायको, मागे मेहुणा आणि दंतवैद्य. मी ओरडलो, तुला कुणी विचारलं होतं गायला? ती म्हणाली, कुणीच नाही. वीस वर्षांत कुणीच नाही. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ओट्याशी गुणगुणत होते. तू म्हणालास, घरात एक गायक पुरे. मला वाटलं गंमत करतोयस. म्हणून मी हसले. तू हसला नाहीस.
मला आठवत नाही. म्हणालो असलो तर गंमतच असणार. इतकी वर्षं मनात धरून ठेवायचं म्हणजे कमाल आहे!
बँड सोडला. राजीनामा विम्याच्या क्लेम फॉर्मच्या मागे लिहिला. नुकसानीचं कारण: कट.

२ एप्रिल
दहा दिवस झाले. मनधरणीला कुणी आलेलं नाही. लाज वाटत असणार.

४ एप्रिल
दंतवैद्यांचा फोन. मुद्दाम तिसऱ्या रिंगला उचलला. दाढेत सिमेंट भरायला बोलावत होते. गेलो. तोंडात आरसा आणि नळी घातली आणि मग सांगायला लागले, वहिनी काय गातात हो! त्यांनीच गायला हवं, तुम्हाला पटतंय ना? मी आ केला. त्यांनी तो होकार धरला. घरी येईपर्यंत बातमी पोचली होती. बायको थँक्स म्हणाली.
असला विश्वासघात इतिहासात झाला नसेल.

१९ एप्रिल
उद्या जाणार नाही. किंवा जाईन, मागच्या रांगेत बसेन. फजिती बघायला साक्षीदार लागतो. माझ्याशिवाय पहिल्या दोन मिनिटांत कोसळतील. तेव्हा स्टेजवर जायचं की नाही, ते ऐन वेळी ठरवीन. गिटार सुरात लावून गाडीत ठेवलीय.

२१ एप्रिल, सकाळी
कोसळले नाहीत.
सुरुवातीला माइक कुईं करून ओरडला. मी उठायच्या तयारीत. मेहुण्याने काहीतरी फिरवलं, थांबलं. बायकोने डोळे मिटले आणि सरळ सुरुवात केली. पहिल्या ओळीला माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंची मान डोलायला लागली. दुसऱ्या कडव्याला अख्खा हॉल टाळ्यांचा ठेका धरत होता. चुकीच्या मात्रेवर, पण धरत होता. मी हाताची घडी घातली होती. पाय हलत होता. तो मी दोनदा दाबून धरला.
शेवटच्या ओळीला ती हसली. गाता गाता. घरात असं हसताना मी तिला पाहिलेलं नाही. निदान आठवत नाही.
शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी विचारलं, कोण हो या? म्हटलं, माझी बायको. ते हात जोडून म्हणाले, नशीबवान आहात. तुम्हाला हे रोज घरात ऐकायला मिळत असेल.
मी हो म्हटलं.
तेव्हापासून संताप होतोय. कुणाचा, ते लिहायला मघाशी बसलो. अर्धा तास झाला.