तिसरी हाक

तीर्थरूप आईस,

धाकटीचा नमस्कार. आधी तो टीव्ही बंद कर.

इथे वणव्याच्या सूचना तुझ्या हाकांसारख्या येतात. पहिली लाडाची: वारा सुटणार आहे, तयारीत राहा. दुसरी पूर्ण नावाने: आग लागलेली नाही, पण हवा तिच्याच बाजूची आहे. त्या दिवशी नर्सरीत गवत कापायचं यंत्र बंद, कारण पातं दगडावर घासलं तरी ठिणगी उडते. आम्ही सावलीत रोपं लावत गप्पा हाणतो.

तिसरी, घर सोडायची. ती तू रागाने गप्प होतेस तशी. विचारत बसायचं नाही, निघायचं. ती अजून आलेली नाही. पिशवी दाराशी आहे, तुझी शाल त्यातच.

बाबांचा गुडघा कसा आहे?

परवा फोनवर तू गप्प झालीस आणि मी इथे चपला शोधायला लागले. पत्र मिळताच फोन कर आणि पोटभर रागाव.

तुझीच,
धाकटी