उशीचा नियम आणि राष्ट्राध्यक्षांचं पेन

सोमवार, ३ मार्च
बातमी पक्की! राष्ट्राध्यक्ष आमच्या व्यापार आयोगासाठी आदेश काढणार. ऑफिसात सगळ्यांचं धाबं दणाणलंय. माझं नाही. उशीवर 'हंसाची पिसं' छापलं तर आत हंसाचीच हवीत, बदकाची चालणार नाहीत, हा नियम अकरा वर्षांपूर्वी लिहिला कोणी? मी. थर्मन पिकेट यांनी! वरपर्यंत कधीतरी पोचणारच होतं.
संकल्प: आजपासून डोनट बंद. फोटोत पोट येता कामा नये.

मंगळवार, ४ मार्च
ओहायोच्या मिसेस हॉर्नबेकचं पुन्हा पत्र. हंसाच्या उशीतून बदक निघालं म्हणे. बाई भलतीच चिकट. पत्र टाकलं खालच्या खणात, तिच्याच आधीच्या सव्वीस पत्रांवर. किल्ली माझ्याकडेच असते. तक्रार नोंदवली की रेकॉर्ड खराब. आणि नियम चांगला असेल तर तक्रार येतेच कशाला?
एक डोनट खाल्ला. पत्राचा ताण.

गुरुवार, ६ मार्च, सकाळी १०
आमच्या साहेब, व्हिटमरबाई, स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या! म्हणाल्या, थर्मन, तुझा नियम व्हाइट हाउसच्या यादीत आहे. अंगावर मूठभर मांस चढलं. (डोनटचं वेगळं.) कसली यादी, ते विचारलं नाही. मोठेपणा मिळतोय तेव्हा चौकशा करू नयेत.

दुपारी २
बाईंनी फॉर्म पाठवला. प्रश्न एकच: या नियमाखाली दहा वर्षांत किती तक्रारी आल्या? ठसठशीत लिहिलं: शून्य. खाली दोन रेघा मारल्या.

शुक्रवार, ७ मार्च
पलीकडच्या टेबलावरचा ग्रेडी चष्म्यांच्या लेबलांचा नियम बघतो. त्याने फॉर्मवर चार हजार एकशे बारा तक्रारी लिहिल्या! वर हसत सांगतोय. म्हटलं, अरे गाढवा, निदान निम्म्या तरी झाकायच्यास. तू झाकल्यास की काय, म्हणाला. मी म्हटलं, छे, माझ्याकडे येतच नाहीत. बिचारा. आता निवृत्तीपर्यंत चष्मेच पुसणार.

सोमवार, १० मार्च
सही करताना राष्ट्राध्यक्ष बरीच पेनं वापरतात आणि मग ती मानाच्या लोकांना वाटतात. माझ्या पेनासाठी काचेची चौकट आणली. आत मखमल! लोर्ना म्हणाली, आधी पेन तर येऊ दे, बाजारात तुरी अन् तुझं आपलं काहीतरीच. म्हटलं, बायको असलीस तरी सरकार कसं चालतं ते तुला कळत नाही. ती म्हणाली, तुला कळतं?
विषय बदलला.

बुधवार, १२ मार्च
आरशासमोर भाषणाचा सराव. 'राष्ट्राध्यक्ष महोदय, हा मान माझा नाही, हंसांचा आहे.' इथे थांबायचं, टाळ्यांसाठी. डोळ्यांत पाणी आलं. लोर्ना बाहेरून बाथरूमचं दार बडवत होती.
डोनट: दोन. पण अर्धेअर्धे करून.

शुक्रवार, १४ मार्च, दुपारी ३
सही झाली. कॅन्टीनच्या टीव्हीवर बघितली. मला बोलावणं आलं नाही. टपालाचा घोळ असणार.

३.२०
आदेश वाचला. आयोगाने एक नवा नियम करायचा तर दहा जुने रद्द करायचे. कुठले? दहा वर्षांत ज्यांच्याखाली एकही तक्रार आली नाही ते. म्हणजे कुणालाच नको असलेले. सोबत यादी. पहिलंच नाव: उश्या.

३.४०
धावत व्हिटमरबाईंकडे. बाई म्हणाल्या, मलाही वाईट वाटतंय रे. एक तक्रार असती ना थर्मन, एक, तरी मी भांडले असते. म्हणून तर मुद्दाम फॉर्म पाठवला होता.
सत्तावीस आहेत. किल्ली खिशात होती. पण इतकी वर्षं दाबून ठेवली हे सांगू कसं? नोकरी जाईल. म्हटलं, लोक समाधानी होते हो.

सोमवार, १७ मार्च
नियम रद्द करायच्या कागदावर तो सांभाळणाऱ्याची सही लागते. म्हणजे माझी. बाईंनी त्यांचं पेन पुढे केलं. सही केली. पेन चुकून माझ्या खिशात गेलं. बाईंनी परत मागितलं.

मंगळवार, १८ मार्च
मिसेस हॉर्नबेकचं अठ्ठाविसावं पत्र. आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. लिहिते, तुम्ही उत्तर देत नाही तरी मी लिहिते, कारण उशीच्या लेबलावर छापलंय, 'फसवणूक झाल्यास आयोगाला जरूर कळवा, आम्ही ऐकतो.'
ते वाक्य मीच घातलं होतं. खूप भांडून.
निदान एक उत्तर द्यायचं ठरवलं. डोनट बाजूला सारला, कोरा कागद घेतला.
टेबलावर पेन सापडेना.