झेरॉक्समध्ये न येणाऱ्या रेषा

अप्पा, सकाळपासून एकच चित्र चौथ्यांदा काढतोय आणि ते जमत नाहीये. क्लासच्या सरांना रक्तदाबाने हृदयातल्या बारीक धमन्यांचं काय होतं, ते दाखवणारी आकृती हवी आहे. वर्षानुवर्षं जोर सोसून त्यांची भिंत जाड होते आणि आत रक्ताला वाट उरते जेमतेम. तिकडे जोर लावून लावून हृदयाचा स्नायूही जाड होतो, त्याला रक्त जास्त लागतं, आणि नेमकं चढावर, मेहनतीच्या वेळी, या धमन्या पुरेशा रुंदावत नाहीत. दहावीनंतर कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाने हे एकट्याने पुस्तकं वाचून समजून घेतलंय. फार उशिरा.

तुमचा दाब पहिल्यांदा मोजला तो भूकंपानंतर, निलंग्याकडच्या आपल्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये. डॉक्टरीणबाई दंडाचा पट्टा पुन्हा पुन्हा गुंडाळून बघत होत्या. "भुई हालली, तर रगत हालणार न्हाई का?" म्हणालात, आणि रांगेतली माणसं कितीतरी दिवसांनी हसली. गोळी तेव्हापासूनची.

पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. नोट्ससाठी हृदय, मूत्रपिंड, डोळा काढून देण्यात माझा हात धरेल असा कुणी नव्हता. हृदय मी तीन मोठ्या धमन्यांवर संपवायचो. त्यापुढची जाळी काढायची नाही, हा माझा नियम. बारीक रेष झेरॉक्समध्ये तुटते आणि मुलं शंका विचारत बसतात.

ती दुपार अजून दिसते: तुम्ही माझा डबा घेऊन क्लासच्या पायऱ्या चढताय. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबता, तळहात छातीवर. नांदेडला नेऊन अँजिओग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, मोठ्या धमन्या मोकळ्या आहेत, पण दाबाची गोळी सोडू नका. मी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेऊन बाहेर आलो. परतीच्या एसटीत माझं चित्र तुमच्या मांडीवर ठेवलं. "हे तिन्ही नळ साफ आहेत. राहिलेलं दुखणं गॅसचं. गोळीने चक्कर येते म्हणता ना, मग बंद करा."

"डाक्टर तर चालू ठिवा म्हणत हुता."

"डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात."

तुम्ही चित्र डोळ्यांजवळ नेलंत. "लई साफ काढतूस रे. पर ह्या तीन नळांतून निघून रगत पुढं जातंय कुठं?"

"तुम्हाला नाही कळायचं, अप्पा."

अकरा महिने गोळी बंद होती. मग एका सकाळी हौदातलं पाणी उपसताना तुम्ही खाली बसलात, ते उठलाच नाहीत. गोळी चालू असती तर वाचला असतात, असं मी लिहिणार नाही. तेवढं ठामपणे कुणीच सांगू शकत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहीत नाही. पण चित्रातली चूक तुम्हाला दिसली होती, मला नाही. आणि गोळी मी बंद केली, हे नक्की.

हा कागद आईच्या हाती लागायच्या आत फाडणार आहे. तिला मी अजून सांगतो, अप्पांनी गोळी स्वतःच्या मनाने सोडली.

"हट्टीच होता त्यो माणूस," ती म्हणते. मी मान डोलावतो.