भट्टीतले बटाटे आणि तुमचं पान

अहो, लताचे बाबा,

तुमचं नाव लिहायला अजूनही हात धजत नाही, म्हणून नेहमीचीच हाक मारतेय. काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. तुमचा धाकटा भाऊ न जेवता उठून गेला आणि वहिनीचं डोकं फिरलंय म्हणून शहाडभर सांगत सुटलाय. भावोजींनी तुमच्या कानावर घालायच्या आधी म्हटलं आपणच घालावं.

सगळं झालं ते तुमच्या त्या बटाट्यांवरून. अंबरनाथच्या बंगल्यात फ्रान्सच्या साहेबासाठी करायचात ना, ते! ग्रातँ म्हणायचात, नाक वर करून. बटाट्याच्या पातळ चकत्या, त्यावर दूध, वरून लोणी, आणि खरपूस होईपर्यंत भट्टीत. हे मला आत्ता कळलंय. तेव्हा मला काय ठाऊक होतं? बटाटे असतात एवढं ऐकलेलं, बाकी तुमच्या शर्टाला यायचा तेवढा वास!

दुधाचा आणि जायफळाचा. दोन्ही वास माझ्या ओळखीचे. दुधात मीठ घालू नये हे आईने शिकवलेलं, आणि जायफळ म्हणजे पुरणपोळी नाहीतर बासुंदी. मला वाटलं, गोडाचंच काहीतरी असणार. तुम्ही कामावर असताना चुलीवर पातेलं चढवलं, चकत्यांवर दूध ओतलं, गूळ घातला, झाकणावर निखारे ठेवले. दूध फाटलं, पण मी आपली कौतुकाने वाढायला गेले. तर तुम्ही भावोजींना हाक मारलीत, "ये रे, बघ, वहिनीने साहेबाचा शिरा केलाय!" महिनाभर हसत होतात दोघे. हसलात ते हसलात, पण "अगं, यात मीठ असतं" एवढं सांगायला तुमचं काय जात होतं?

शिकवा म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर. "घरात बाई असताना पुरुषाने चुलीपाशी बसायचं? लोक काय म्हणतील?" बंगल्यात मडमेच्या चुलीपाशी जन्म काढलात ते बरं चाललं लोकांना!

एकदाच केलंत घरच्यांसाठी. भावोजींचं लग्न ठरवायला मुलीकडचे बदलापूरहून आले होते, त्यांच्यापुढे मिरवायचं होतं. बटाटे सोलले मी. चकत्या तुम्ही केल्यात, माझ्याकडे पाठ करून. मग सिंधी निर्वासितांच्या कॅम्प एकच्या बराकीत पार्वती भाभीच्या नवऱ्याची पावाची भट्टी आहे, तिथे ट्रे नेलात आणि फडक्यात धरून वाजतगाजत घरी आणलात. पुरुषांची पंगत बसली. "अजून घ्या, संकोच करू नका," म्हणत तुम्ही स्वतः वाढत होतात. मी दाराआडून बघत होते. तुम्ही इतक्या हौसेने कुणाला वाढताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही बायका बसलो तेव्हा ट्रेच्या कडांना काळी खरवड उरली होती. मी ती लताला खरवडून दिली. "आई, कडू आहे," म्हणाली पोर. तुम्ही बडीशेप चघळत होतात. "पुढच्या खेपेला तुझं आधी काढून ठेवीन हं." कुठली पुढची खेप आणि कुठलं काय!

बटाट्यांना का मी मुकले होते? घरात पोतंभर बटाटे होते. मला तुमच्या हातचं हवं होतं. मी पाटावर बसलेय आणि तुम्ही माझ्या ताटात वाढताय, एवढंच एकदा हवं होतं. फार मागितलं का हो?

तुम्ही विषमज्वराने गेलात, त्यानंतर तुमचे पांढरे डगले परत द्यायला मी बंगल्यावर गेले. मडमेने बसवलं, चहा दिला. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाली, "तुमको हमारा आलू पसंद नहीं था, ना? मैं हर रविवार तुम्हारे लिए डिब्बा भरती थी. वो बोलता, मेरी औरत ऐसा खाना नहीं खाती." तो डबा मग वॉचमन न्यायचा म्हणे.

मी खात नाही? कोणी विचारलं होतं मला? फाटक्या दुधातले गोड बटाटे मी एकटीने संपवले होते, आणि मी खात नाही! की बायकोसाठी डबा नेताना शहाड स्टेशनवर कुणी बघेल, याची लाज वाटली तुम्हाला? मी तिथेच हुंदके देऊन रडले. मडमेला काय कळलं देव जाणे, पण उठली, बटाटे काढले आणि मला सगळं करून दाखवलं. ट्रेला आतून लसूण चोळायचा, मीठ बेताने, जायफळ चिमूटभर. तिला तासभरही लागला नाही.

काल भावोजी म्हणाले, "वहिनी, दादाच्या आवडीचं करा." म्हणून मी तेच केलं. ट्रे घेऊन भट्टीवर गेले. पार्वती भाभी मला अदी म्हणते, त्यांच्या सिंधीत बहिणीला म्हणतात तसं. "अदी, आज तेरे हाथ का? तो पहले तू खाना," म्हणाली. गमतीत म्हणाली असेल, पण माझ्या डोक्यात ते बसलं.

दुपारी पानं मांडली. रीत ठरलेली आहे, आधी गेलेल्याचं पान, मग पुरुष, मग आम्ही. तुमच्या पानावर वरणभात, खीर, वडे सगळं वाढलं. मग लताला शेजारी बसवलं आणि ट्रेमधलं पहिलं माझ्या ताटात घेतलं, दुसरं तिच्या. भावोजी ओरडलेच, "वहिनी! दादाच्या पानात बटाटे कुठायत?"

मी म्हटलं, "ते असलं खात नाहीत."

भावोजी तणतणत गेले, आणि मी पहिला घास घेतला. अहो, किती सुंदर लागत होतं! वरून खरपूस, आत नुसती साय. वाईट असतं तर बरं झालं असतं, मी तुम्हाला माफ केलं असतं. एवढं चांगलं तुमच्या हातात होतं आणि तुम्ही ते जगाला वाढलंत! गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे, आणि हा राग इतक्यात जायचा नाही.

आता एक शब्द देते, तुमच्यासारखा नाही, पाळायचा. लताला हे शिकवीन, आणि या घरात तिला कधी दाराआड उभी ठेवणार नाही. पुढच्या श्राद्धालाही ट्रे भट्टीत जाईल. आधी ती जेवेल, मग मी जेवेन. उरलं तर तुमच्या पानात वाढीन.

तुमचीच,
इंदू