खडकाचं नाव

गार्डन रीच, कोलकाता
४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास उज्ज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. हर्षदच्या प्रश्नांची तू पाठवलेली उत्तरं मी त्याला वाचून दाखवली. बांगडा आला की पाणी कसं दिसतं, कोणत्या वाऱ्यात थवा कोणत्या खडकाआड वळतो, सगळं त्याने टिपून घेतलं. सॉल्ट लेकच्या त्याच्या कंपनीने ते मासळी शोधणाऱ्या यंत्रात घातलं. साहेबांनी पाठ थोपटली. मी म्हटलं, अक्कल मामाची आणि मिरवतोस तू. यंदा रापण कशी आहे?

वहिनीस नमस्कार. तुझी माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझी, उज्ज्वला

खारेवाडी, जि. सिंधुदुर्ग
२ नोव्हेंबर

चि. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

विचारलंस म्हणून लिहितो. थवा किनाऱ्याला लागायच्या आधीच पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका त्याला घेरतात, पिल्लांसकट उचलतात. पूर्वी त्या अंदाजाने फिरायच्या, आता नेमक्या जागी येतात. आपल्या रापणीतला मंदार एका नौकेवर जाऊन यंत्र बघून आला. पडद्यावर आपल्या आबांनी खडकाला ठेवलेलं नाव होतं. ते कुठल्या नकाशात नाही. मी फक्त तुलाच लिहिलं होतं.

रापण रिकामीच येते, म्हणून रविवारी रापणकर बैठकीला बसले. साठ घरांनी आपापल्या जाळ्याचा तुकडा जोडून ही रापण केलेली. ती उसवून ज्याचा तुकडा त्याला दिला. किनाऱ्यावरून ओढताना दोरीला हात लावेल त्याला वाटा मिळायचा, त्यावर सुनीतीकाकीसारख्या एकट्या बायकांची चूल पेटायची. तिच्याकडे बघवत नाही.

हर्षदला यातलं काही सांगू नकोस. पोराने आवडीने विचारलं, मी हौसेने सांगितलं.
तुझा, दादा

गार्डन रीच, कोलकाता
१४ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न.

हर्षदला मराठी वाचता येत नाही. नेहमीसारखा शेजारी येऊन बसला, पत्र वाच म्हणाला. मी गाळून गाळून वाचत होते, पण शेवटच्या ओळींपाशी अडखळले आणि त्याने ते ओळखलं. मग सगळंच वाचावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला, खडकाचं नाव तरी काढा म्हणाला. विकलेली यंत्रं परत येत नसतात, असं उत्तर मिळालं. तो जेवत नाही. वाचून दाखवणारी मीच होते, दादा, मनाला फार लागलंय. त्याला तुझ्या पाया पडायला यायचंय. पाठवू का?

रागावलास तरी परकी करू नकोस.
उज्ज्वला

खारेवाडी
२५ नोव्हेंबर

चि. उज्ज्वलास आशीर्वाद.

हर्षदला खुशाल पाठव. वहिनी घावणे करणार आहे. भाच्यावर कसला राग धरायचा? तू रडू नकोस. फक्त त्याला एवढं बजाव, समुद्राचं मला काही विचारायचं नाही. त्याने विचारलं की मला सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

तुझा, दादा